एका सावजी थाळीची बाजारपेठ : नागपुरातील एक प्रकरण आणि स्पर्धा कायदा

महाल भागातील एका सावजी भोजनालयाचे मालक २०२५ च्या जूनमध्ये धंतोलीतील माझ्या कार्यालयात आले ते प्राप्तिकराच्या विवरणपत्रासाठी. वडिलांनी सुरू केलेले दुकान, बसायला दहा टेबले, मागे स्वयंपाकघर आणि घरीच भाजून दळलेला मसाला. वह्या चाळताना एक गोष्ट खटकली. तीन वर्षांत विक्री जवळपास दीडपट झाली होती आणि निव्वळ नफा मात्र घटला होता. विचारले तेव्हा ते म्हणाले, "वकीलसाहेब, चूल माही, मसाला माहा, अन् माह्याच दुकानात मी भाडेकरू होऊन रायलो." पक्षकाराच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि संबंधित ॲपची बाजू मी ऐकलेली नसल्यामुळे त्याचे नाव दिलेले नाही.

भोजनालय दोन ॲपवर आहे. त्यांना पहिले आणि दुसरे एवढेच म्हणू. २०२० च्या टाळेबंदीत टेबले उलटी करून ठेवावी लागली तेव्हा दोन्हीकडे नोंदणी झाली, आणि त्या काळात दुकान तगले ते या ॲपमुळेच, हे मालक आजही मान्य करतात. सध्या निम्म्याहून थोडी अधिक विक्री पहिल्या ॲपवरून होते, दुसऱ्यावरून साधारण आठवा हिस्सा, आणि उरलेली काउंटरवर व टेबलांवर. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या ॲपने करार नव्याने पाठवला. मालकांच्या पुतण्याने मोबाइलवर 'सहमत' दाबले; करार कोणी वाचला नाही. त्यातील एका कलमानुसार ॲपवरची किंमत दुकानात, फोनवर किंवा अन्य कोणत्याही ॲपवर आकारलेल्या किमतीपेक्षा जास्त असता कामा नये. हे कलम आपल्याला बांधते, हे मालकांना कळले ते त्या वर्षीच्या दिवाळीनंतर, जेव्हा त्यांनी काउंटरवर 'फोनवर ऑर्डर द्या, थाळीमागे ४० रुपये कमी' अशी पाटी लावली आणि तीच ओळ छापलेली चिठ्ठी पार्सलात टाकायला सुरुवात केली. दहा-बारा दिवसांत ॲपच्या विभागीय प्रतिनिधीचा फोन आला, मग कलमाचा क्रमांक देऊन ईमेल आला, आणि पाटी उतरवण्यास मालकांनी टाळाटाळ केली तेव्हा ॲपवर 'सावजी' असा शोध घेतल्यावर वरच्या तीन-चार नावांत दिसणारे त्यांचे दुकान खूप खाली गेले. त्याच सुमारास बसायला एकही खुर्ची नसलेले, फक्त ॲपवर विकणारे एक 'सावजी' स्वयंपाकघर त्या भागात सर्वांत वर दिसू लागले. ते ॲपशी संलग्न कंपनीचे आहे, असा मालकांचा संशय आहे.

तक्रारीचे मूळ समजण्यासाठी एक थाळी हिशेबाला घ्यावी लागेल. चिकन थाळीची किंमत २६० रुपये. त्यावर २४ टक्के कमिशन, म्हणजे ६२ रुपये ४० पैसे. कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ११ रुपये २३ पैसे. ग्राहकाला दिसणाऱ्या सवलतीतील दुकानाचा वाटा ३० रुपये. ॲपवरील जाहिरातीचा खर्च त्या महिन्यात ऑर्डरमागे सरासरी १४ रुपये. हाती उरतात १४२ रुपये ३७ पैसे, आणि त्यातून कोंबडी, तेल, गॅस, कारागिरांची मजुरी व डबा. यातील ११ रुपये २३ पैशांकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. साध्या भोजनालयाला ५ टक्के दराने, आगत कराची (खरेदीवर व घेतलेल्या सेवांवर आधीच भरलेल्या कराची) वजावट न घेता, जीएसटी लागू होतो. त्यामुळे कमिशनवर भरलेला कर परत मिळत नाही, तो खर्चातच जमा होतो. एवढे धरल्यावर फोनवरून येणाऱ्या ग्राहकाला तीच थाळी २२० रुपयांत देऊन, आणि पुतण्याच्या दुचाकीचे पेट्रोल व वेळ धरूनही, मालकांच्या हाती ॲपपेक्षा अधिक उरत होते. ग्राहकाचे ४० रुपये वाचत होते, दुकानाचेही भले होत होते. करारातील कलमाने नेमका हा व्यवहार बंद केला.

मालकांच्या मनात ही सगळी एकच तक्रार होती: "ॲप लुटते." कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या तीन वेगळ्या तक्रारी आहेत: कमिशन जास्त आहे, किमतीवर बंधन आहे, आणि शोधातील क्रम पक्षपाती आहे. प्रत्येकीचे वजन निराळे आहे. हे वेगळे न करता लिहिलेली तक्रार पहिल्याच पायरीवर फेटाळली जाण्याची शक्यता दाट असते.

त्याआधी एक आडवाट टाळावी लागली. कोणीतरी त्यांना ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला दिला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यापुरता अपवाद आहे, पण दहा टेबले आणि नऊ कामगार असलेल्या दुकानाला त्यावर विसंबता येत नाही. याउलट २००२ च्या स्पर्धा कायद्यातील ग्राहकाच्या व्याख्येत व्यापारी हेतूने सेवा घेणाराही स्पष्टपणे येतो. म्हणजे एकाच शहरातला तोच माणूस एका कायद्याने ग्राहक नाही आणि दुसऱ्या कायद्याने आहे. शिवाय समीर अग्रवाल प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की स्पर्धा आयोगाकडे (हा कायदा राबवणाऱ्या संस्थेकडे) माहिती, म्हणजे तक्रार, सादर करणाऱ्याचे स्वतःचे नुकसान झालेलेच असले पाहिजे असे नाही. दार असे उघडे आहे. प्रश्न आत गेल्यावर काय सिद्ध करायचे, याचा आहे.

स्पर्धा कायद्यात पहिला प्रश्न बाजारपेठ कोणती, हा असतो. कलम १९ मध्ये भौगोलिक बाजारपेठ ठरवण्याच्या ज्या कसोट्या दिल्या आहेत त्यांत वाहतुकीचा खर्च, ग्राहकांच्या आवडीनिवडी आणि भाषा यांचाही समावेश आहे. गरम रस्सा शहराच्या दक्षिणेकडील बेस्यापर्यंत नेता येतो, पण काटोल रोडच्या टोकाच्या ग्राहकाला तो वेळेत पोहोचत नाही. त्या ग्राहकाच्या दृष्टीने महालातील हे दुकान बाजारात नसल्यासारखेच आहे. म्हणून बाजारपेठ 'भारत' नव्हे, 'नागपूर शहर' धरावी, असे मी लिहिले. काही बाबतींत ती शहराच्याही एका भागापुरती निघेल. वस्तूची बाजारपेठ ठरवणे अधिक अवघड गेले. पारंपरिक कसोटी अशी: एखाद्या सेवेची किंमत थोडी पण टिकाऊ वाढवली, समजा पाच ते दहा टक्के, तर ग्राहक दुसरीकडे वळतील का? वळत नसतील तर ती सेवा हीच स्वतंत्र बाजारपेठ. ॲपच्या बाबतीत किंमत कोणती धरायची, येथेच गाडी अडते. ऑर्डरवरचे शुल्क सोडले तर जेवण मागवणाऱ्याला ॲपवर दुकाने शोधण्याचे, तुलना करण्याचे काही मोजावे लागत नाही, आणि शून्याचे पाच टक्के शून्यच. दुसऱ्या बाजूला भोजनालय कमिशन देते आणि कमिशन वाढले तरी ते सोडून जात नाही, कारण गिऱ्हाईक तिथे आहे. दोन बाजू एकमेकींवर तोललेल्या असताना एकीचीच किंमत पाहून उत्तर काढणे धोक्याचे आहे.

मी भोजनालयाची बाजू धरली. 'नागपूर शहरातील भोजनालयांना ऑनलाइन ऑर्डर व घरपोच सेवा पुरवणारी मध्यस्थी' अशी बाजारपेठ मांडली, आणि काउंटरवरची विक्री हा तिचा पर्याय का नाही, याची कारणे दिली. यासाठी आधार आहे. हॉटेल आरक्षणाच्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो समूहाला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा हॉटेल आरक्षणाची ऑनलाइन मध्यस्थी ही स्वतंत्र बाजारपेठ मानली होती. हॉटेलांवर लादलेली दरसमानतेची, म्हणजे अन्यत्र कमी दर न लावण्याची, अटही त्या आदेशात आक्षेपार्ह ठरली. आमच्या थाळीची गोष्ट त्या खोलीच्या गोष्टीशी बरीच जुळते.

जुळत नाही ती एका ठिकाणी, आणि ते ठिकाण निर्णायक आहे. कलम ४ हे वर्चस्वाच्या गैरवापराविरुद्ध आहे, म्हणून आधी वर्चस्व सिद्ध करावे लागते. आमच्या पक्षकाराची अर्ध्याहून अधिक विक्री पहिल्या ॲपवर आहे, पण हे त्याच्या विक्रीचे प्रमाण झाले, बाजारपेठेचे नव्हे. दुसरे ॲपही शहरभर दिसते, त्याच्याकडेही पैसा आहे, आणि त्याच्याही करारात तसेच कलम आहे. बाजार दोघांत वाटला गेला असेल तर वर्चस्व कोणाचे? आपल्या कायद्यात सामूहिक वर्चस्वाची कल्पना नाही. बंगळूरच्या टॅक्सी बाजारपेठेबाबत २०१७ मध्ये आयोगाने हेच सांगून ओलाविरुद्धचे प्रकरण बंद केले. २०१२ च्या दुरुस्ती विधेयकात 'एकट्याने किंवा संयुक्तपणे' असे शब्द घालण्याचा प्रस्ताव होता, पण ते विधेयक व्यपगत झाले, आणि २०२३ च्या मोठ्या दुरुस्तीतही ते शब्द परत आले नाहीत. माझ्या मते ही कायद्यातील खरी पोकळी आहे. दोन मोठे मंच परस्परांशी एका शब्दानेही न बोलता एकसारखे वागले, तर संगनमत सिद्ध होत नाही आणि वर्चस्वही सिद्ध होत नाही. दुकानदार मात्र दोन्हीकडून तितकाच बांधला जातो.

म्हणून कमिशन जास्त असल्याची तक्रार मी मसुद्यातून जवळजवळ काढून टाकली. अवाजवी किंमत हा गैरवापर ठरतो तो वर्चस्व असलेल्याच्या हातून. अन्यथा २४ टक्के जास्त की योग्य, हे ठरवून देण्याच्या भानगडीत आयोग सहसा पडत नाही. मालकांना हे पटवायला दोन बैठका लागल्या. सगळ्यात जास्त दुखते तीच गोष्ट तक्रारीत नसावी, हे कोणालाही सहज पटत नाही.

उरला रस्ता कलम ३(४) चा. व्यवहाराच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवरील दोघांत झालेला करार स्पर्धेला मारक ठरत असेल तर तो या कलमाखाली तपासता येतो, आणि त्यासाठी कलम ४ प्रमाणे वर्चस्व दाखवावे लागत नाही. पुरेशी बाजारशक्ती आणि स्पर्धेवर ठळक प्रतिकूल परिणाम दाखवावा लागतो. भोजनालयांच्या राष्ट्रीय संघटनेने जुलै २०२१ मध्ये घरपोच जेवण देणाऱ्या मंचांविरुद्ध केलेल्या तक्रारीवर आयोगाने ४ एप्रिल २०२२ रोजी महासंचालकांमार्फत, म्हणजे आपल्या तपास शाखेमार्फत, चौकशीचा आदेश दिला, तोही कलम ३(४) च्याच आधारे. दरसमानता आणि संलग्न स्वयंपाकघरांना मिळणारे झुकते माप, हे दोन मुद्दे त्यात सकृद्दर्शनी चौकशीयोग्य ठरले. आमचा मसुदा त्याच वाटेने जातो.

दरसमानतेचा परिणाम कलम १९(३) च्या, म्हणजे स्पर्धेवरील प्रतिकूल परिणाम तपासण्याच्या कसोट्यांच्या, चौकटीत बसवताना मी पहिला भर दिला तो नव्या स्पर्धकाच्या वाटेतील अडथळ्यावर. समजा, उद्या कोणी नागपुरातच नवे ॲप काढले किंवा ओएनडीसीच्या (सरकारी पुढाकाराने उभ्या राहिलेल्या खुल्या ऑनलाइन व्यापाराच्या) जाळ्यावरून एखादा विक्रेता-मंच आठ-दहा टक्के कमिशनवर आला. कमी कमिशनचा फायदा ग्राहकाला दाखवण्याचा एकच मार्ग असतो: तीच थाळी तिथे स्वस्त दिसली पाहिजे. पण पहिल्या ॲपशी केलेल्या करारामुळे भोजनालय तिथे किंमत कमी करूच शकत नाही. मग ग्राहकाने नवे ॲप का उतरवून घ्यावे? शिवाय पहिल्या ॲपने कमिशन वाढवले तर भोजनालय ती वाढ केवळ त्या ॲपच्या ग्राहकांकडून वसूल करू शकत नाही. किंमत सगळीकडे सारखी ठेवावी लागत असल्यामुळे घरून डबा घेऊन काउंटरवर येणारे इतवारीतले आजोबाही ॲपच्या कमिशनचा वाटा भरतात, ज्यांच्या फोनवर ते ॲप नाही.

विरुद्ध बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. ॲप म्हणेल: आम्ही जाहिरातीवर पैसा घालून गिऱ्हाईक आणतो, ते आमच्याकडे दुकान शोधतात आणि मग फोन करून स्वस्तात मागवतात; आमचा फुकट वापर होतो. हा बचाव दुकानाच्या स्वतःच्या फोनपुरता काही प्रमाणात टिकेल, असे मला वाटते. दुसऱ्या ॲपवरच्या किमतीवर घातलेल्या बंधनासाठी तो टिकत नाही, कारण दुसरे ॲप आपले गिऱ्हाईक आपल्या खर्चाने आणते. त्यामुळे मसुद्यात कलमाचे दोन भाग करून दुसऱ्यावर अधिक भर दिला. मालकांची पाटी पहिल्या भागात येते, हे त्यांना आवडले नाही.

शोधक्रमाचा मुद्दा पुराव्यावर अडला. पुतण्याने डिसेंबर ते फेब्रुवारी रोज संध्याकाळी साडेसातला मानेवाड्याच्या घरून स्क्रीनशॉट काढले होते. चिकाटी कौतुकाची, पण एकाच फोनवरचा क्रम हा त्या फोनच्या सवयींचाही क्रम असतो. सावजीपेक्षा बिर्याणी अधिक मागवणाऱ्याला वेगळीच यादी दिसते. मी त्यांना शहराच्या चार भागांतल्या चार फोनवरून, नवे खाते उघडून, एकाच वेळी नोंद घ्यायला सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र सोबत लागेल हेही समजावले. तरीसुद्धा क्रम कशावर ठरतो, हे बाहेरून कळत नाही. संलग्न स्वयंपाकघराला आमच्या पक्षकाराच्या ऑर्डरींची माहिती पुरवली गेली का, कोणत्या गल्लीत कोणत्या वारी मटण जास्त जाते हे त्यांना कसे कळले, याची उत्तरे ॲपच्या संगणकात आहेत. ती मागवण्याचे अधिकार महासंचालकांना आहेत, भोजनालयाला नाहीत. दिलासा एवढाच की चौकशीचा आदेश मिळवण्यासाठी सकृद्दर्शनी प्रकरण पुरते. असा आदेश प्रशासकीय स्वरूपाचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्टील ॲथॉरिटीच्या प्रकरणातच सांगितले आहे.

वेळेचा हिशेब मात्र कठोर आहे. गूगलच्या अँड्रॉइड प्रकरणात चौकशीचा आदेश एप्रिल २०१९ चा आणि १,३३७.७६ कोटींच्या दंडाचा निर्णय २० ऑक्टोबर २०२२ चा. त्यानंतर अपील न्यायाधिकरण. महालातल्या दुकानाला एवढी वर्षे तग धरता येईल का? याच विलंबावर उपाय म्हणून संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२२ च्या अहवालात पूर्वप्रतिबंधक, म्हणजे गैरवापर घडण्याआधीच लागू होणाऱ्या, नियमांची शिफारस केली, आणि मार्च २०२४ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या समितीने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा जाहीर केला. त्यात बाजारपेठ आखण्याची कसरत करावी लागत नाही. देशातील उलाढाल ४,००० कोटी किंवा ढोबळ व्यापारमूल्य (मंचावरून झालेल्या एकूण विक्रीचे मूल्य) १६,००० कोटी अशा आर्थिक निकषांपैकी एखादा, आणि त्याच्या जोडीला १ कोटी वापरकर्ते किंवा १०,००० व्यावसायिक वापरकर्ते, हे तीन आर्थिक वर्षे पूर्ण करणारा उद्योग व्यवस्थेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून नेमला जाईल. मग स्वतःच्या सेवेला झुकते माप न देणे, व्यावसायिक वापरकर्त्यांची अप्रकाशित माहिती त्यांच्याच विरुद्ध न वापरणे, त्यांना आपल्या ग्राहकांशी थेट व्यवहार करू देणे, ही बंधने आपोआप लागू होतील.

हा मसुदा आमच्या प्रकरणावर ठेवून पाहिला तेव्हा तिसरी तक्रार जवळजवळ सुटते आणि दुसरीही बरीच सोपी होते. भोजनालयाची पाटी हाच तर थेट व्यवहार. पहिली तक्रार, कमिशनची, तशीच राहते. देशपातळीचे निकष वापरण्याबाबत माझी एक शंका आहे. एखादा मंच देशात मध्यम आकाराचा असूनही एखाद्या शहरात सर्वेसर्वा असू शकतो, आणि त्या शहरातल्या दुकानदाराला तो निकषाखाली सुटलेला दिसेल. अशा मंचासाठी जुना कायदा आणि जुनी बाजारपेठ-आखणी हीच वाट राहील, म्हणून सामूहिक वर्चस्वाचे दोन शब्द मूळ कायद्यात घालण्याची निकड नव्या विधेयकाने संपत नाही. कमी निकष ठेवावेत असे मात्र मी म्हणणार नाही. हिंगण्यात दोन खोल्यांत सुरू झालेल्या एखाद्या नव्या ॲपवर पहिल्याच वर्षी अनुपालनाचा बोजा टाकून उपयोग नाही.

मसुदा कायदा झालेला नाही, म्हणून तूर्त चालू कायद्याच्या आधारेच पाऊल टाकायचे ठरले. मालकांना एकट्याने पुढे येण्याची भीती होती. क्रम आणखी खाली गेला तर पगार कसे द्यायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. ओळख गोपनीय ठेवण्याची विनंती आयोगाकडे करता येते, पण चिठ्ठी आणि ईमेलचे तपशील जोडल्यावर ॲपला ओळख पटणारच. शेवटी शहरातील आणखी सहा भोजनालयांनी आपापले करार काढून पाहिले. पाच जणांच्या करारात तेच कलम शब्दशः निघाले. माहिती एकत्रित सादर करायची, आणि त्याआधी ॲपला लेखी पत्र पाठवून अन्य मंचांवरील किमतीचे बंधन काढण्याची मागणी करायची, असा निर्णय झाला. २०२३ च्या दुरुस्तीने आयोगापुढे माहिती सादर करण्यासाठी कारण घडल्यापासून तीन वर्षांची मुदत घातली आहे. करार प्रत्यही लागू असल्यामुळे कारण रोजच घडते, असे म्हणता येईल, पण त्या युक्तिवादावर विसंबायचे नाही म्हणून आम्ही मुदत करार मान्य केल्याच्या तारखेपासून मोजली. ती जानेवारी २०२७ मध्ये संपते. पत्र पोचपावतीसह गेले आहे, चार फोनवरच्या नोंदींचा दुसरा महिना सुरू आहे, आणि पाटी सध्या काउंटरच्या मागे, मसाल्याच्या पोत्यांना टेकून ठेवलेली आहे.